कानांनी वाचलेली पुस्तके आणि आपली ग्रंथालये

गेल्या वर्षभरात ज्या पुस्तकांनी मला मनापासून आनंद दिला, त्यांतली जवळजवळ निम्मी मी डोळ्यांनी वाचलेली नाहीत, ऐकली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन्ही पुस्तके मी तरुणपणी छापील रूपात वाचली होती. या वेळी ती भेटली ती दुसऱ्याच्या आवाजात. उद्धव शेळके यांची 'धग' एका वऱ्हाडी मैत्रिणीने मला मोठ्याने वाचून दाखवली. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' मात्र मी हातात घेऊनच पुन्हा वाचले आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईल. या सगळ्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. पुस्तक ऐकणे हे वाचनच आहे, आणि ते एकदा मान्य केले की ऐकण्याची पुस्तके लोकांपर्यंत नेण्याचे काम केवळ वर्गणी घेणाऱ्या कंपन्यांवर सोडून चालणार नाही. ते आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी अंगावर घेतले पाहिजे.

या म्हणण्याचा पहिला भाग आधी नीट मांडायला हवा, कारण तो अनेक जाणत्या वाचकांनाच मान्य नाही. पुस्तक ऐकले असे सांगितले की 'म्हणजे वाचले नाही' असे उत्तर येते आणि त्यात ऐकणारा आळशी असल्याची एक छटा असते. माझा अनुभव उलटा आहे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंची अक्षरओळख लग्नानंतरची. त्यांचे वाक्य लहान, बोलते आणि पुढच्या वाक्याची घाई न करणारे आहे. वडिलांचे टोकाचे सोवळे, पती नारायण वामन टिळकांचा विक्षिप्त आणि उदार स्वभाव, 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मोडलेले घर, लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस आणि त्यानंतर स्वतःच्या विचाराने घेतलेला तोच निर्णय, हे सारे त्या कुठेही स्वतःची कीव न करता सांगतात. छापील पुस्तकात काय घडणार हे मला ठाऊक असल्यामुळे माझी नजर पुढे धावत असे आणि दुःखाच्या परिच्छेदावरून ओळखीच्या विनोदाकडे उडी घेत असे. आवाजात तशी उडी घेता येत नाही. लक्ष्मीबाई जिथे थांबतात तिथे थांबावे लागते, आणि एखादे वाक्य गमतीने सुरू होऊन शेवटच्या दोन शब्दांत काळीज हलवते तेव्हा ते दोन शब्द चुकवता येत नाहीत. हे पुस्तक मला पूर्वी आवडले होते. ते किती काटेकोरपणे रचलेले आहे हे मला ऐकल्यावर कळले.

'मृत्युंजय'चे थोडे निराळे आहे. 1967 साली आलेल्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने कथा सांगतात. तरुणपणी एका दमात वाचताना मला हे सहाही आवाज एकाच अलंकृत भाषेचे वाटले होते. चांगल्या अभिवाचनात कर्णावर जीव टाकणाऱ्या धाकट्या शोणाचे साधेपण आणि कुंतीच्या मनातली कोंडी वेगवेगळी ऐकू येते, आणि सावंतांची उपमांनी लदलेली वाक्ये, जी कागदावर कधी कधी थकवतात, ती मुळात उच्चारण्यासाठीच घडवलेली आहेत हे लक्षात येते. त्याबरोबरच हेही सांगितले पाहिजे की जिथे लेखकाने भाषेचा सोस केला आहे तिथे तो सोस आवाजात लपत नाही, उलट अधिक उघडा पडतो. कान हा परीक्षक म्हणून डोळ्यापेक्षा सौम्य असतो असा समज असेल तर तो चुकीचा आहे.

आता 'युगान्त'कडे येते. महाभारतातल्या व्यक्तींवरचे हे लेख 1967 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पुढच्याच वर्षी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने पाठभेद तपासून सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून इरावतीबाई एकेक पुरावा तपासतात, प्रक्षिप्त काय आणि मूळ काय ते निवडतात, विदुर आणि धर्म यांच्या नात्याबद्दल एक धाडसी तर्क मांडतात आणि खांडववनाच्या दहनातून एक समाज दुसऱ्याला कसा हुसकावतो ते दाखवतात. हा युक्तिवाद आहे. त्यात दहाव्या पानावरचे विधान चाळिसाव्या पानावर ताणून पाहावे लागते, मागे जावे लागते, एखाद्या वाक्याशी मनात भांडून पुन्हा तेच वाक्य वाचावे लागते. मी त्याचा काही भाग मोठ्याने वाचला जाताना ऐकला आहे. भाषा सुंदर लागते, पण तर्काचा धागा दर थोड्या वेळाने हातातून सुटतो. म्हणून प्रत्येक पुस्तक ऐकण्याजोगे असते असे माझे म्हणणे नाही.

संशोधन याच दिशेला बोट दाखवते असे मला वाटते. 2019 मध्ये बर्कले येथील संशोधकांनी तीच गोष्ट वाचताना आणि ऐकताना मेंदूत अर्थाची उमटणारी चित्रे तपासली आणि ती जवळजवळ सारखी असल्याचे दाखवले. 2016 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात प्रौढांच्या एका गटाने पुस्तकाचा भाग वाचला, दुसऱ्याने ऐकला, तिसऱ्याने दोन्ही एकदम केले. आकलनात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. याच्या विरुद्ध बाजूलाही पुरावा आहे आणि तो बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2010 मधल्या एका अभ्यासात अभ्यासाचा मजकूर ध्वनिमुद्रणातून ऐकणारे विद्यार्थी तोच मजकूर वाचणाऱ्यांपेक्षा चाचणीत स्पष्टपणे मागे पडले. अशा अनेक अभ्यासांचा 2022 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा सरसकट फरक दिसला नाही. मात्र जिथे वाचणाऱ्याला स्वतःच्या गतीने वाचण्याची मुभा होती आणि प्रश्न ओळींमागचा अर्थ काढण्याचे होते, तिथे वाचन सरस ठरले. मला यातून जे समजते ते असे की फरक इंद्रियाचा कमी आणि गतीवरच्या ताब्याचा जास्त आहे. गोष्ट, आत्मकथन, कविता, प्रवासवर्णन यांची स्वतःची गती असते आणि तिच्या स्वाधीन होण्यातच त्यांचा आनंद असतो. युक्तिवादाला वाचकाची गती लागते. हा फरक साहित्यप्रकारांचा आहे. त्यावरून ऐकणाऱ्याला वाचकांच्या पंगतीतून उठवता येणार नाही.

आपल्याकडे तर हा वाद व्हायलाच नको होता. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी त्या ग्रंथाच्या शेवटी नोंद आहे, आणि सबंध ग्रंथभर श्रोत्यांना उद्देशून संबोधने आहेत. दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणाने होते आणि त्यासाठी एक पूर्ण समास दिलेला आहे. श्रावणात पोथी लावली की एक जण वाचतो आणि ओसरीभर माणसे ऐकतात. त्या माणसांनी ग्रंथ वाचला नाही असे कोणी म्हणत नसे. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि छपन्न गीतांचे ते काव्य लोकांपर्यंत गेले ते आधी कानांवाटे, मग पुस्तकातून. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केले, आणि त्यांच्या कथा आजही वाचताना ज्यांनी त्यांना ऐकले त्यांना तोच आवाज ऐकू येतो. आकाशवाणीवर कादंबऱ्यांचे क्रमशः वाचन होत असे. कितीतरी घरांत त्या काळातली एकमेव कादंबरी तीच असे.

परंतु या परंपरेचे नुसते कौतुक करून थांबणे मला पटत नाही, कारण ऐकण्याची ही परंपरा जेवढी रसिकतेची आहे तेवढीच ती अक्षरबंदीचीही आहे. माणसे ऐकत असत, कारण त्यांतल्या बहुतेकांना, आणि स्त्रियांना व खालच्या मानलेल्या जातींना तर मुद्दामच, अक्षर शिकू दिले गेले नव्हते. याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून आलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या इतरांनी टिपून ठेवल्या. 1951 मध्ये त्या वारल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. मराठीतल्या श्रेष्ठ कवितासंग्रहांपैकी एक असलेले हे पुस्तक त्याच्या कर्तीला हातात धरून वाचता आले नसते. वाचन म्हणजे फक्त डोळ्यांनी केलेले वाचन, अशी व्याख्या आपण धरून बसलो तर बहिणाबाई स्वतःच्या पुस्तकाच्या वाचक ठरत नाहीत, आणि ज्या व्याख्येतून असा निष्कर्ष निघतो ती व्याख्या टाकून देण्याच्या लायकीची आहे.

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली साक्षरता 82 टक्क्यांच्या वर होती, पण स्त्रियांमध्ये ती 76 टक्क्यांच्या आत होती. म्हणजे सात वर्षांवरच्या जवळपास चारांतल्या एका मुलीला किंवा बाईला वाचता येत नव्हते. त्यानंतर परिस्थिती नक्कीच सुधारली असेल, तरी त्या वेळी चाळिशी-पन्नाशीत असलेल्या निरक्षर बायका आज आपल्यातच आहेत. त्यांच्या शेजारी अशी माणसे आहेत जी साक्षर आहेत पण ज्यांची नजर मोतीबिंदूने, मधुमेहाने किंवा नुसत्या वयाने अधू झाली आहे. जन्मापासून दृष्टी नसलेले वाचक आहेत. आणि ज्यांचे हात दिवसभर कामात असतात, म्हणून पुस्तक धरायला मोकळे नसतात, अशांची संख्या तर मोजण्यापलीकडची आहे. त्यांत ट्रक चालवणारे आहेत, शिवणयंत्रावर बसणाऱ्या आहेत, चार घरांच्या पोळ्या करणाऱ्या आहेत. छापील पुस्तकाभोवती उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाकडे या माणसांना देण्यासारखे आज जवळजवळ काही नाही.

दृष्टिहीनांच्या बाबतीत जगाने हे फार पूर्वी ओळखले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना मोठ्या वयात ब्रेल शिकणे जड जात असे. त्यांच्या गरजेतून ब्रिटनमध्ये 1935 साली तबकड्यांवरची बोलकी पुस्तके सुरू झाली. आपल्याकडेही मुंबईत दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अनेक दशके स्वयंसेवकांकडून पुस्तके वाचून घेऊन ध्वनिफितींवर नोंदवली आहेत आणि त्या बिनबोभाट कामाचे ऋण मराठी साहित्यविश्वाने कधी पुरेसे मानलेले नाही. 2012 च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अशी तरतूद आली की अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक बदलून घेण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठी 2013 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला जगात सर्वांत आधी, 2014 मध्ये, मान्यता देणारा देश भारत होता. 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे इंटरनेटवरचे ग्रंथालयही उभे राहिले. म्हणजे ऐकून वाचण्याचा हक्क तत्त्व म्हणून या देशाने मान्य केलेला आहे. तो ज्यांना छापील अक्षर दिसत नाही त्यांच्यापुरता मान्य केला आहे. ज्यांना ते दिसते पण कळत नाही, किंवा कळते पण ज्यांच्या हातांना उसंत नाही, त्यांच्यासाठी अजून कोणी दार उघडलेले नाही.

मराठी ऑडिओबुकांचा आजचा बाजार जवळजवळ संपूर्णपणे खासगी वर्गणीवर चालतो. एका स्वीडिश कंपनीने 2017 मध्ये भारतात पाऊल ठेवले तेव्हापासून मराठी ही तिच्या मुख्य भाषांपैकी एक आहे. त्याआधी आणि नंतर पुण्या-मुंबईतल्या काही छोट्या उद्योगांनीही हे काम नेटाने केले. या सर्वांचे उपकार मी मानते. त्यांच्यामुळे शेकडो मराठी पुस्तकांना आवाज मिळाला, रंगभूमीवरच्या कलावंतांना नवे काम मिळाले आणि परदेशात वाढलेल्या, देवनागरी चाचपडत वाचणाऱ्या मराठी मुलांना आजी-आजोबांची पुस्तके ऐकता आली. तरीही वर्गणीचे ऐकणे आणि ग्रंथालयातले वाचणे यांत मूलभूत अंतर आहे. वर्गणी थांबली की पुस्तक जाते. ते कपाटात राहत नाही, मुलाला देता येत नाही, शेजारणीला वाचायला देता येत नाही. कंपनीने करार संपवला की ते पुस्तक एका रात्रीत सगळ्यांच्याच हातून जाते. छापील पुस्तक ग्रंथालयाने एकदा विकत घेतले की ते पन्नास वर्षे फिरते. ऑडिओबुक विकत घेऊन फिरवण्याची साधी सोयच मराठी ग्रंथालयांसमोर नाही. कॅसेट आणि सीडीच्या काळात ती होती, तंत्रज्ञान पुढे गेले आणि ती सोय मागे पडली.

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यानंतर अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या हजारो अनुदानित वाचनालयांचे जाळे गावागावांत पसरले. एवढे जाळे असलेली राज्ये देशात थोडीच आहेत. ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे सांगते, आणि पाचवे सूत्र ग्रंथालय ही वाढती संस्था असल्याचे सांगते. ज्या वाचकाचे पुस्तक आवाजात आहे तो वाचक या सूत्रांच्या बाहेर ठेवण्याचे कोणतेही कारण रंगनाथनांच्या मांडणीत मला सापडत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो मला अत्यंत गंभीर वाटतो. ज्या वाचनालयांच्या सेवकांना जगण्यापुरते वेतन मिळत नाही, जिथे अनुदान उशिरा येते, छत गळते आणि नवी पुस्तके घ्यायला पैसे उरत नाहीत, तिथे ऑडिओबुकांची भाषा करणे हा चैनीचा विचार नाही का? माझे उत्तर असे की सेवकांचे वेतन आधी, याबद्दल दुमत नाही, आणि हा खर्च त्यांच्या अनुदानातून काढावा असे मी सुचवत नाही. शिवाय हे काम प्रत्येक वाचनालयाने स्वतंत्रपणे करायचेच नाही. ध्वनिमुद्रण एकदा होते आणि त्यानंतर त्याच्या प्रती काढायला खर्च जवळजवळ येत नाही. एका गावासाठी केलेले पुस्तक त्याच दिवशी साऱ्या राज्याला देता येते. छपाईत कागद, बांधणी आणि वाहतूक प्रत्येक प्रतीमागे लागते, इथे लागत नाही. म्हणून राज्यपातळीवरच्या एका संस्थेने ध्वनिमुद्रण करावे आणि वाचनालयांनी ते सभासदांना द्यावे, ही व्यवस्था तुटपुंज्या साधनांच्या वाचनालयाला छापील पुस्तकांपेक्षाही परवडणारी आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला मेमरी कार्डावर किंवा साध्या ध्वनियंत्रावर पुस्तक भरून देता येईल. स्वस्तातल्या फोनमध्येही कार्ड चालते, हे भजने आणि कीर्तने भरून घेणाऱ्या खेड्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे.

सुरुवात कुठून करावी याचे उत्तर स्वामित्वहक्क कायद्यातच आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. हरी नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचे लेखन आज कोणालाही वाचून ध्वनिमुद्रित करता येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 पासून ग्रंथ प्रसिद्ध करत आले आहे आणि त्यातले पुष्कळ ग्रंथ त्याने इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. तेच धोरण आवाजापर्यंत वाढवणे ही त्या मंडळाच्या कामाची स्वाभाविक पुढची पायरी आहे. जगात याचा नमुना आहे. 'लिब्रिवॉक्स' या उपक्रमात 2005 पासून स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तके वाचतात आणि ती सर्वांना फुकट मिळतात. आकाशवाणीच्या संग्रहात असलेली जुनी कादंबरीवाचने आणि श्रुतिका लोकांच्या पैशाने तयार झालेल्या आहेत, आणि त्या लोकांच्या ग्रंथालयांना मिळाव्यात ही मागणी मला अगदी साधी वाटते.

हयात लेखकांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. मराठी लेखकाला पुस्तकावर मिळणारे मानधन आधीच थोडे. त्याची पुस्तके ग्रंथालयांतून फुकट ऐकवली तर त्याचे नुकसान होईल ही भीती रास्त आहे. त्यावर इतर देशांनी काढलेला मार्ग आपण अभ्यासला पाहिजे. डेन्मार्कने 1946 मध्ये आणि ब्रिटनने 1979 च्या कायद्याने असे ठरवले की सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला दिले जाते त्याचा मोबदला सरकार लेखकाला देईल. ब्रिटनने ही व्यवस्था 2014 मध्ये ऑडिओबुकांना लागू केली आणि तिथे पुस्तक वाचणाऱ्या आवाजालाही त्यात वाटा मिळतो. आपल्याकडे छापील पुस्तकांसाठीसुद्धा अशी व्यवस्था नाही. ती ऑडिओबुकांपासून सुरू करता येईल, कारण कोणते पुस्तक किती वेळा दिले गेले याची नोंद तिथे आपोआप राहते. लेखकाला प्रत्येक वाचकामागे काही ना काही मिळेल, आणि आज त्याच्या पुस्तकाच्या एका प्रतीवर शंभर सभासद वाचतात तेव्हा त्याला मिळते ते एका प्रतीचेच.

आणखी एक आक्षेप शिक्षकांकडून येतो: मुले आधीच वाचत नाहीत, ऐकायला मिळाले तर वाचणारच नाहीत. जे मूल अजून अक्षरांशी झगडते आहे त्याच्या हातातून पुस्तक काढून कानात आवाज घालू नये, हे मला पूर्ण मान्य आहे; वाचनाचे कौशल्य डोळ्यांनी वाचूनच येते आणि त्याला पर्याय नाही. पण त्याच मुलाच्या घरी कोणी पुस्तक वाचून दाखवणारे नसेल तर त्याच्या कानावर गोष्टीची भाषा पडतच नाही, आणि न ऐकलेली भाषा वाचताना कळत नाही. सुशिक्षित घरातल्या मुलाला आई रात्री गोष्ट वाचून दाखवते. ज्या घरात ते शक्य नाही तिथे चांगल्या आवाजातले पुस्तक आणि त्याच्यासोबत छापील प्रत द्यावी, मुलाने बोट फिरवत ऐकावे. यात वाचन कमी होत नाही.

काम करता करता ऐकणे म्हणजे अर्धवट ऐकणे, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ऐकणाऱ्यांनी ती मनावर घेतली पाहिजे. भांडी घासताना किंवा फिरायला जाताना कादंबरी ऐकता येते. हिशेब करताना किंवा बोलता बोलता ऐकता येत नाही, आणि तसे ऐकून पुस्तक संपवल्याचा आनंद मानू नये. वेग वाढवून ऐकण्याची जी सवय पसरते आहे तीही मला पटत नाही, निदान साहित्याच्या बाबतीत. लक्ष्मीबाईंचे मौन दीडपट वेगाने संपवले तर त्यांचे पुस्तक ऐकले असे म्हणता येणार नाही. आणि संक्षिप्त आवृत्तीवर ती संक्षिप्त आहे असे ठळकपणे लिहिलेच पाहिजे. कापलेले पुस्तक पूर्ण म्हणून देणे ही वाचकाची फसवणूक आहे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, आणि तो कोणाच्या आवाजात वाचायचे याचा आहे. उद्धव शेळके यांची 'धग' 1960 मधली. नवरा महादेवच्या नाकर्तेपणाशी आणि दारिद्र्याशी एकटीने झुंजणाऱ्या कौतिकची ही कथा मराठीतल्या थोर कादंबऱ्यांपैकी आहे, आणि तरीही पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांनी ती पहिल्या काही पानांवर सोडलेली मी पाहिली आहे, कारण वऱ्हाडी संवाद डोळ्यांना अडतात. देवनागरी लिपी शब्द दाखवते, पण शब्द कुठे लांबतो, कुठे आपटतो आणि प्रश्न कुठल्या सुरात विचारला जातो ते दाखवत नाही. माझ्या मैत्रिणीने ती वाचायला घेतली आणि अडलेले संवाद वाहू लागले. कौतिकच्या तोंडची शिवी, तिचा हट्ट आणि तिची माया एकाच श्वासात कशी येते ते मला प्रथमच कळले. ज्या बोलीत पुस्तक लिहिले गेले त्या बोलीचा आवाज मिळाला की ते पुस्तक साऱ्या महाराष्ट्राचे होते. आजचे बहुतेक अभिवाचन पुण्या-मुंबईच्या प्रमाण उच्चारात होते. त्यात व्यावसायिक सफाई असते, पण मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, माणदेशी, झाडीबोली यांतले लेखन त्या सफाईत आपला कणा हरवून बसते. यंत्राने तयार केलेला आवाज आता स्वस्तात मिळतो. ज्याला वर्तमानपत्र किंवा पाठ्यपुस्तक ताबडतोब हवे आहे अशा दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तो वरदान आहे आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. पण सगळ्या बोलींना एका सपाट प्रमाण उच्चारात वाचणारे यंत्र कौतिकला आवाज देऊ शकणार नाही, आणि बाजार स्वस्ताकडे वळणार असल्यामुळे हे काम बाजाराच्या बाहेरच करावे लागेल.

म्हणून जिल्हा ग्रंथालयांनी आपापल्या मुलखातले एक तरी हक्कमुक्त पुस्तक तिथल्याच माणसांकडून वाचून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. जळगावसाठी ते पुस्तक कोणते हे शोधावे लागत नाही. 1952 मध्ये छापल्या गेलेल्या 'बहिणाबाईंची गाणी'च्या पहिल्या आवृत्तीतल्या कवितांवरचा हक्क मरणोत्तर प्रकाशनाच्या नियमाने, म्हणजे साठ वर्षे मृत्यूऐवजी प्रकाशनापासून मोजून, 2012 च्या अखेरीस संपला आहे. बहिणाबाईंची लेवा गणबोली बोलत लहानाच्या मोठ्या झालेल्या असोद्याच्या, जळगावच्या बायका आजही आहेत आणि त्यांच्या उच्चारात ही कविता वाचून घेण्यासाठी एक शांत खोली, एक बरा ध्वनिग्राहक आणि थोडे मानधन एवढेच लागते. ते ध्वनिमुद्रण जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयात मोफत ठेवावे, आणि ते मागायला येणाऱ्या निरक्षर बाईचे नाव वाचनालयाच्या वहीत सभासद म्हणून, वाचक म्हणून लिहून घ्यावे.